अडकलेलं घर आणि मेकॅनिककाका

मेकॅनिककाका कुठलाही कॉम्प्युटर सुरू करण्याआधी सीपीयूवर हाताची उलटी बाजू टेकवून थांबायचे, तापलेल्या लेकराचं अंग बघावं तसे. मग ठरलेला प्रश्न: "बॅकअप घेतला काय?" घेतला म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही. स्वतः सीडीवर कॉपी करून, ती पुन्हा उघडून पाहून, मगच पेचकस हातात घ्यायचे.

मूळचे ते रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे. महागावकडच्या एका तांड्यातून यवतमाळला आले आणि पन्नाशीत कॉम्प्युटर शिकले. हात सराईत, पण माणूस विलक्षण घाबरट. "मशीन लोकाचं असते न बेटा, अन् त्यात त्याईचं काम असते," म्हणायचे.

कापसाची ती वाईट वर्षं होती. गावोगाव बांधकामं थांबली होती. एसटी स्टँडजवळ मी घरांचे नकाशे काढून द्यायचं छोटं ऑफिस थाटलं होतं, तिथे दिवसभर कोणी फिरकायचं नाही. बाबांनी वर्षभराची मुदत दिली होती; त्यानंतर ऑफिसला कुलूप आणि माझं लग्न. दोन महिने उरले असताना नेरच्या एका निवृत्त गुरुजींचं काम आलं. त्यांच्या पत्नीला अर्धांगवायू झालेला, त्या चाकाच्या खुर्चीवर असायच्या. घर बांधण्याआधी ते स्क्रीनवर खोलीखोलीतून फिरून बघायचं, एवढीच त्यांची अट.

मी जीव ओतून घर सजवलं. सोफे, पडदे, झुंबर, अंगणात झाडं. आणि कॉम्प्युटरने मान टाकली. घर जरा वळवलं की चित्र गोठायचं, मग सॉफ्टवेअरच बंद पडायचं. गुरुजी दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते. रडकुंडीला येऊन मी काकांना बोलावलं.

त्यांनी सीपीयूचा डबा उघडला. प्रोसेसरवरच्या पंख्यात कापसाच्या तंतूंचा पांढरा थर बसला होता. "पाह्य, जिनिंगची रुई," ते म्हणाले. "साऱ्या गावाच्या छातीत बसते, हा कसा सुटन?" त्यांनी ती ब्रशने काढली, रॅमची एक पट्टी वाढवली, आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्रॅम बंद केले. फरक पडला, पण घर अजून अडखळतच होतं. मग त्यांनी माझी फाइल उघडली.

"हे झुंबर कायले पाह्यजे?"

"छान दिसतं म्हणून."

"एकेक लोलक काढता काढता मशीन थकून राह्यलं. अन् या सावल्या? काढ."

"घर भुंडं दिसेल, काका! काम हातचं जाईल."

"मले बी भेव वाटते, बेटा. पण अडकलेल्या घरापरीस भुंडं बरं."

आधी फाइलची कॉपी झाली. मग झाडं गेली, पडदे गेले, सावल्या गेल्या. नुसत्या करड्या भिंती उरल्या, आणि घर अलगद वळू लागलं. मी बैठकीतून झोपायच्या खोलीत गेले, तिथून न्हाणीकडे. काका एकदम म्हणाले, "थांब. खुर्ची जाईन काय इथून?"

मी माप घेतलं. जात नव्हती. दार अरुंद होतं आणि आत खुर्ची वळायला जागाच नव्हती. एवढ्या थाटामाटात ते मला दिसलंच नव्हतं. काका शेजारी बसून राहिले. मी भिंत सरकवली, दार रुंद केलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या पत्नींनी ते करडं घर तीनदा फिरून पाहिलं. पडद्यांबद्दल त्यांनी विचारलंही नाही. न्हाणीपाशी थांबून म्हणाल्या, "इथं मले एकटीले जाता येईन." त्यानंतर बाबांनी मुदतीचा विषय काढला नाही.

पुढच्या वर्षी काका दुकान बंद करून मुलाकडे पुण्याला निघाले. निरोप घ्यायला आले आणि संकोचत म्हणाले, "मह्या तांड्यातलं घर काढून देतं काय? बांधाचं नाही. पाह्याचं फक्त." शेती त्यांचा भाऊ करायचा, यंदा ती पडीक होती; घर त्या शेताला लागूनच हवं होतं. ते सांगत गेले, मी काढत गेले. मग माउस त्यांनी स्वतः घेतला आणि सावकाश आत शिरले. मागच्या खोलीत थांबले.

"ही खिडकी वावराकडं उघडते न?"

"हो काका. मुद्दाम ठेवली."

त्यांनी चित्र खिडकीपासून वळवलं.

"बंद ठेव सध्या," म्हणाले. "औंदा तिकडं पाह्यवत नाही."

मी खिडकी बंद केली. मग ते पुढच्या खोलीत गेले.