दगडूअण्णांची हरकत

दगडूअण्णा सकाळी पेपर घेऊन माझ्याकडे यायचे, तोही कधी कधी उलटा धरून. अक्षरओळख नव्हती, पण बारीक छापाची सरकारी नोटीस कुठे असते ते त्यांना अचूक ठाऊक. तिच्यावर बोट ठेवून म्हणायचे, "पोरी, एवढं वाच. बाकी समदं लबाड."

चऱ्होलीत आमच्या भाड्याच्या खोलीमागे त्यांचा मेथी-चुक्याचा मळा होता आणि मळ्यात विहीर. वरच्या अंगाला रंगाचा कारखाना यायचा होता, तेव्हा आधी गावात मांडव घालून सुनावणी झाली. अण्णा माइक न घेताच ओरडले, "सायेब, तुमचं पाणी माझ्या हिरीत उतरलं, तर माझी मेथी तुमी खानार का?" लोक हसले, पण साहेबांनी लिहून घेतलं. सांडपाण्याची दर महिन्याला सरकारी तपासणी होईल, अशी अट पडली. अण्णा म्हणायचे, "सरकारला कान हायेत. आपण वरडाया पायजे."

पुढे कारखाना वाढणार अशी बोलवा उठली. त्याच सुमारास मी एक नोटीस वाचली. नियम बदलायचा मसुदा होता. असे कारखाने वाढवताना सुनावणी लागणार नाही, सरकारी तपासणीऐवजी कारखान्याचाच दाखला चालेल, या बदलावर हरकती दोन महिन्यांत संगणकावरून पाठवाव्यात. मला निम्मंच कळलं.

"अण्णा, कुणाला तरी विचारा."

"अगं, हरकत काय कंप्युटरवर घेत्यात व्हय? मांडव पडंल तवा बोलू."

त्यांनी सदरा धुऊन खुंटीला लावून ठेवला. विचारायला मी जाऊ शकले असते. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ उचलत नाही. मांडव पडलाच नाही.

कारखाना वाढला आणि विहिरीवर तवंग आला. मी अण्णांबरोबर प्रदूषणाच्या सरकारी कचेरीत गेले. तिथला माणूस नरमाईनेच बोलला, "काका, तो तपासणीचा नियम बदलला. आता पाणी शुद्ध आहे म्हणून कारखान्यानेच लिहून द्यायचं. त्यांनी दिलंय."

"मग माझ्या हिरीनंबी लिहून द्यावं का?"

त्याने फाईल मिटली. मी अण्णांना घेऊन बाहेर पडले.

अण्णांनी उभी मेथी स्वतः उपटली. "गिऱ्हाइकाच्या पोटात हे घालू न्हाई," म्हणाले. त्यांची मुलं म्हणत होती, "बाजारात कोण वास घेतंय?" अण्णा त्यांच्याशी नंतर फारसे बोललेच नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. तेराव्यानंतर मुलांनी विहीर बुजवायला काढली. कितीतरी दिवस दगड-मुरमाचे डंपर येत होते. मी दार लावून बसायचे, तरी दगड पाण्यात पडल्याचा आवाज यायचा. मग पाण्याचा आवाज थांबला, नुसता दगडावर दगड.