मिस अर्लीनच्या माळ्यावरचा खटका

माझा नवरा क्लोविस एकतीस वर्षं लोकांच्या घरातले एसी दुरुस्त करतोय आणि त्यातली निम्मी वर्षं तरी तो काळजीच करत असेल. समुद्राजवळच्या आमच्या ह्यूमा गावात मे ते ऑक्टोबर हवा इतकी दमट असते की एसी बंद पडला तर दोन दिवसांत कपाटातल्या चपलांना बुरशी येते. त्यामुळे काळजीला तोटा नाही. आमच्याकडे मशीन घराच्या माळ्यावर असतं; तो माळ्यावर चढतो, मी खाली फोन घेते आणि व्हॅन चालवते.

पण क्लोविस मुळात असा नव्हता. मोठ्या वादळानंतर अकरा दिवस वीज नव्हती, तेव्हा त्याची थोरली बहीण घरातल्या घरात उकाड्यानं गेली. दारं-खिडक्या लावून बसली होती, चोरांच्या भीतीनं. तेव्हापासून गावातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना तो दर उन्हाळ्यात रोज फोन करतो. "मशीन चालू आहे ना? पाणी कुठे टपकत नाही ना?" इतकंच विचारतो. लोक हसतात.

मिस अर्लीन चौऱ्याऐंशीच्या; आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात. नवरा कोळंबीच्या बोटीवर होता, तो वारून वीस वर्षं झाली. त्यांचा एसी एकोणीस वर्षांचा. क्लोविस दर वसंतात म्हणायचा, "मिस अर्लीन, आता हा बदलू या." आणि त्या दर वसंतात नकार द्यायच्या. शेजारच्या घरी विक्रेत्यानं भलामोठा एसी गळ्यात मारला होता. तो दहा मिनिटांत घर गार करून थांबायचा, हवेतली ओल मात्र तशीच राहायची. शेजारणीच्या प्रार्थनेच्या पुस्तकांवर हिरवी बुरशी आली.

"तसलं गार, ओलं थडगं मला नको," मिस अर्लीन म्हणायच्या.

"अहो, मी छोटाच देईन. घराच्या मापाचा."

"विक्रेताही असंच म्हणाला होता, लेका."

मागच्या वर्षी त्यांच्या छताला ओला डाग पडला. हवेतून निघणारं पाणी वाहून नेणारी नळी शेवाळानं तुंबली होती आणि माळ्यावरचा मशीनखालचा ट्रे भरून गळला होता. क्लोविसनं नळी साफ केली आणि ट्रेमध्ये एक तरंगणारा खटका बसवला. पाणी चढलं की खटका वर येतो आणि मशीन बंद होतं. छत वाचतं. आमच्या धंद्यात हा खटका सगळेच बसवतात.

यंदाच्या ऑगस्टमधला तो मंगळवार. सकाळी मिस अर्लीन फोनवर म्हणाल्या, "भिंतीत गुळगुळ आवाज येतोय." क्लोविस म्हणाला, "दुपारी येतो." तोवर बाहेर ताप आल्यासारखी हवा झाली होती. आम्ही दुसऱ्या एका घरी होतो. साडेबाराला त्यानं माळ्यावरूनच मिस अर्लीनना फोन लावला. उचलला नाही. पाच मिनिटांनी पुन्हा. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तो शिडीवरून खाली आला होता, घामानं निथळत.

"कमी ऐकू येतं त्यांना," मी म्हणाले.

"सकाळी ऐकू आलं होतं."

"न्हाणीत असतील."

"वीस मिनिटं? व्हेल्मा, गाडी काढ."

हत्यारं तिथेच टाकून आम्ही निघालो. कालव्यावरचा पूल नेमका वर उचललेला होता आणि खालून एक कोळंबीची बोट निवांत चालली होती. माझ्या शेजारी बसलेला क्लोविस डॅशबोर्डवर बुक्की मारत राहिला. "हॉर्न वाजव," म्हणाला.

"बोटीला?"

तो उतरला, पुलाच्या फाटकापर्यंत गेला, परत आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "खटका मी बसवलाय," एवढंच म्हणाला. मला तेव्हा कळलं तो कशाला घाबरलाय. नळी तुंबली असेल तर त्याच्याच खटक्यानं मशीन बंद केलं असणार.

मिस अर्लीनच्या अंगणात पोचलो. एसीचा बाहेरचा पंखा गप्प. क्लोविसनं बैठकीच्या खिडकीच्या काचेवर हात फिरवला. आमच्याकडे एसी चालू असला की काच बाहेरून घामेजते. ही कोरडी होती.

"बराच वेळ झालाय," तो म्हणाला आणि दार ठोठावू लागला. "मिस अर्लीन! मी क्लोविस!"

दार आतून बंद होतं. मी मागच्या दाराची काच व्हॅनमधल्या पान्यानं फोडली आणि आत हात घालून कडी काढली. आतली हवा ओल्या घोंगडीसारखी तोंडावर आली. त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर होत्या, मान एका बाजूला, चेहरा लालबुंद. कातडी तापलेली, कोरडी. डोळे उघडले, पण आमच्याकडे बघून म्हणाल्या, "रोलाँ, बोट बांधलीस का?" रोलाँ त्यांचा नवरा.

मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. फोनवरची बाई म्हणाली, पाणी पाजू नका, अंग गार करा. क्लोविस व्हॅनमधली बर्फाची पेटी घेऊन आला, आमच्या डब्याबरोबर असते ती. आम्ही त्यांना फरशीवर निजवलं, टॉवेल भिजवून अंगावर टाकले, मानेशी आणि काखेत बर्फ ठेवला. मी वर्तमानपत्रानं वारा घालत होते. क्लोविस नुसता म्हणत होता, "बोला काहीतरी, मिस अर्लीन. शिव्या द्या मला."

ॲम्ब्युलन्स यायला अकरा मिनिटं लागली. त्यांना घेऊन गेल्यावर तो माळ्यावर चढला. खाली आला तेव्हा हातात शेवाळाचा एक लिबलिबीत गोळा होता, अंगठ्याएवढा.

"ट्रे काठोकाठ भरलाय. खटका वर आलाय. अगदी बरोबर काम केलंय त्यानं," म्हणाला आणि पायरीवर बसून हमसाहमशी रडला. बहिणीच्या वेळीही असा रडला नव्हता.

पहिले दोन दिवस डॉक्टर काही सांगेनात. क्लोविस जेवत नव्हता. गावभर जिथे जिथे खटके बसवले होते त्या सगळ्या घरांची नावं आठवून लिहीत होता. तिसऱ्या दिवशी मिस अर्लीननी नर्सला कॉफी पाणचट आहे म्हणून सुनावलं, तेव्हा आम्हाला आत सोडलं.

क्लोविसनं टोपी हातात घेऊन सगळं सांगून टाकलं. नळी, खटका, सकाळचा गुळगुळ आवाज ऐकूनही दुपारवर ढकललेलं काम. 

"मशीन थांबलेलं मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "वाटलं, तू येतोयस दुपारी, कशाला त्रास द्यायचा? मग डुलकी लागली."

"चूक माझी आहे."

"आहेच. छताला रंग देता येतो, बाळा. पुढच्या वेळी गळू दे."

पण गळू देणंही त्याला पटेना. दोन आठवडे तो त्याच विचारात होता. त्यानं शेवाळाला अटकाव करायला नळीत व्हिनेगर ओतण्याची जागा केली. खटका तसाच ठेवला, पण त्याला एक भोंगा जोडला, तो मिस अर्लीनच्या घरी वाजतो आणि शेजारणीकडेही. मग एकेक करत यादीतल्या चौदा घरांत तसाच भोंगा लावला.

ऑक्टोबरात मिस अर्लीननी आपणहून फोन केला. "आण तुझं नवं मशीन. पण माप मी बघणार."

त्या खरंच खुर्ची टाकून बसल्या आणि क्लोविस प्रत्येक खोली, प्रत्येक खिडकी फितीनं मोजताना बघत राहिल्या. जुन्याहून लहान मशीन निघालं.

"एवढंसं?" त्या म्हणाल्या.

"हळूहळू चालेल, थांबणार नाही. ओल तेच ओढून घेईल."

संध्याकाळपर्यंत बसवून झालं. निघताना त्यांनी भेंडीच्या गंबोचा, म्हणजे आमच्याकडच्या दाट रश्श्याचा, मोठा डबा माझ्या हातात दिला. क्लोविस व्हॅनमध्ये बसला, पण मी किल्ली फिरवायला लागले तर म्हणाला, "थांब जरा." खिडकी खाली करून तो घराकडे कान लावून बसला. दहा मिनिटं तरी झाली असतील. डबा माझ्या मांडीवर गरम लागत होता.

"झालं?" मी विचारलं.

"अजून एक मिनिट," तो म्हणाला.