विन्स्टनची शिट्टी

विन्स्टन डाबरेने अख्ख्या आयुष्यात ब्रॉडवेचं एकही संगीत नाटक पाहिलं नाही. न्यूयॉर्क तर सोडाच, अबुधाबी ते वसई यापलीकडे त्याची मजलच गेली नाही. पण ब्रॉडवेचं नाव काढा, की गडी सुरू. अठ्ठावीस वर्षं तो अबुधाबीतल्या हॉटेलात मेजवान्यांचं काम बघत होता. पाहुण्यांनी खोलीत टाकून दिलेली अमेरिकन मासिकं घरी आणायचा आणि जेवताना बायकोला, मिल्ड्रेडला, ऐकवायचा. ब्रॉडवेची बहुतेक थिएटरं ब्रॉडवे रस्त्यावर नाहीतच. किमान पाचशे खुर्च्या असल्या तरच थिएटर ब्रॉडवेचं. "तुझा बोंबील थंड होतोय," एवढंच मिल्ड्रेड म्हणायची. नवऱ्याला ऐकतेय असं दाखवायचं नाही, हे तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. ऐकत मात्र सगळं होती.

एका गोष्टीवरून दोघांची कायम जुंपायची. विन्स्टन शिट्टी झकास वाजवायचा, आणि घरात शिट्टी वाजवली की साप येतो असं मिल्ड्रेडच्या आईने तिच्या डोक्यात भरवलेलं. "अकराव्या मजल्यावर? लिफ्टने येणार का साप?" तो हसायचा. मग तीच ती माहिती: नाटकवालेही शिट्टीला घाबरतात. म्हणे पूर्वी पडदे वर-खाली करायला दोरखंडांवर खलाशी असायचे आणि त्यांचे इशारे शिट्टीचे. कुणी उगाच शिट्टी वाजवली, तर वरचा देखावा थेट डोक्यात. "बघ, म्हणजे माझंच बरोबर," मिल्ड्रेड म्हणायची.

फेब्रुवारीत विन्स्टनला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, तोंडाची उजवी बाजू लोंबली, बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून निघायचं फक्त 'खलास'. पाणी हवं, खलास. मुलीचा, शेनॉनचा फोन आला, खलास. लिहायला घेतलं तर अक्षरं जुळत नव्हती. कायमचं वसईला परतायचं ठरलं. पण त्याआधी अबुधाबीतल्या वसईकरांच्या मेळाव्यातली प्रश्नमंजुषा होती, आणि गेली नऊ वर्षं विजेता हाच. नावांच्या यादीवर डाव्या हाताच्या बोटाने तो स्वतःच्या नावावर टकटक करत राहिला. आजारी माणूस म्हणून त्याला इथून जायचं नव्हतं.

प्रश्न विचारणाऱ्या मार्कने पर्याय दिले, विन्स्टनने बोटं दाखवली, आणि शेवटी तो आणि त्याचा दोस्त लॅन्सी बरोबरीत आले. शेवटच्या प्रश्नाला पर्याय नसतात. उत्तर स्वतःच द्यायचं, आणि घरच्यांनी मदत केली तर खेळाडू बाद. हे नियम विन्स्टननेच केलेले. मार्कने मुद्दाम त्याच्या आवडीचा प्रश्न ठेवला होता. पोराच्या मनात काही वाईट नव्हतं.

"यल्ला, चला अंकल, लास्ट वन. ब्रॉडवेवर स्टेजच्या मागे एक गोष्ट बिलकुल करत नाहीत. रीझन जुन्या खलाशांचं. कोणती गोष्ट?"

विन्स्टनचे डोळे चमकले. मिल्ड्रेड खुर्चीत पुढे सरकली. अरे देवा, इथे तर बोलायचंही नाही, नुसती शिट्टी वाजवायची! त्यालाही तेच सुचलं होतं. त्याने ओठ पुढे काढले. डावीकडून आले, उजवीकडून आले नाहीत. फुंकर निघाली, लाळ निघाली. पुन्हा फुंकर. तो काय करतोय ते हॉलमध्ये कुणाला कळेना. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. मिल्ड्रेडच्या ओठांचा आपोआप चंबू झाला, तेवढ्यात त्यांना न्यायला आलेल्या शेनॉनने तिचं मनगट घट्ट धरलं.

"डोन्ट, मम्मा. इट्स डॅडाज् रूल."

"खलास," विन्स्टन म्हणाला. वेळ संपल्याची घंटा वाजली.

प्रश्न लॅन्सीकडे गेला. ही गोष्ट त्याने विन्स्टनच्या तोंडून शंभर वेळा ऐकली होती. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "पास."

मार्कने दोघांनाही विजेते म्हणून जाहीर केलं, लोक उभं राहून टाळ्या वाजवू लागले. टाळ्या थांबेपर्यंत विन्स्टनने वर पाहिलं नाही. यापेक्षा सरळ हरला असता तर बरं झालं असतं, असं मिल्ड्रेडला वाटलं.

घरी आल्यावर तो बक्षिसाचा कप मांडीवर घेऊन सोफ्यावर बसला. त्याने पुन्हा ओठ पुढे केले, आणि मिल्ड्रेड समोर दिसताच थांबला. तीस वर्षांची सवय.

"वाजव," ती म्हणाली. "घरातच वाजव. मी काही म्हणणार नाही."

त्याने जोर लावला. नुसती हवा आली.