पेशंटसोबत कोण?

पवनीच्या गुरुजींकडे मी तीन वर्षांपासून राहते. त्यांची बायको वारली, मुलगा पुण्यात. मुलानं मला ठेवलं तेव्हा नियमांचा एक कागद फ्रिजवर चिकटवला होता. दुपारी टीव्हीचा आवाज किती ठेवायचा, हेही त्यात होतं. गुरुजी आजारी पडले तर काय करायचं, तेवढं लिहायचं राहून गेलं होतं.

एका सकाळी त्यांनी चहा परत केला. अंग तापलेलं, दातावर दात वाजत होते. मी मुलाला फोन लावला. 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो,' असा निरोप आला. शेजाऱ्यांच्या गाडीत गुरुजींना बसवून मी सरळ भंडारा गाठलं. सोबत औषधांचा डबा, जुनी फाइल, दातांची डबी, चष्मा, कानाचं मशीन, आधार कार्ड आणि दोन पायजामे घेतले. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण माझ्या सासूच्या आजारपणात मी ते शिकले होते.

दवाखान्यात त्यांना लगेच ऑक्सिजन लावला. मग काउंटरवरच्या माणसानं मला विचारलं, "पेशंटसोबत कोण?"

"मी."

"मुलगी?"

"नाही. मी त्यांच्या घरी राहते. सांभाळते."

"मग नातेवाईक कोण आहे?"

"पुण्याले आहे."

त्याला नातेवाइकाची सही हवी होती. तासाभरानं मुलाचा फोन आला. म्हणाला, "बाई, तुम्हीच सही करा. पण निर्णय मात्र घेऊ नका." मी सही केली. निमोनिया निघाला. सलाईन लागलं.

त्याच संध्याकाळी फोनवर एक ग्रुप तयार झाला. त्यात पुण्याचे, नागपूरचे, अमेरिकेचे मिळून सतरा नातेवाईक होते. मला त्यात घेतलं ते बातमी द्यायला. ताप किती, लघवी किती, काय खाल्लं, झोपले का. मी एक आकडा टाकला की खाली सतरा हात जोडलेले दिसायचे. कोणी काढा सांगायचं, कोणी म्हणायचं उताणं झोपवा, कोणी म्हणायचं उताणं मुळीच झोपवू नका. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्यातला भाचा आला. शुगर असलेल्या मामासाठी त्यानं पेढे आणले होते. मामांच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं फोटो काढला आणि मला म्हणाला, "आता काळजी करू नका, मी आहे ना." चहा येण्याआधीच तो गेला. फोटो मात्र ग्रुपवर दिवसभर राहिला.

तिसऱ्या दिवशी मी पायजामा धुऊन वाळत घालायला मागे गेले होते. तेवढ्यात डॉक्टरांचा राउंड होऊन गेला. परत येईपर्यंत ग्रुप पेटला होता. डॉक्टरांनी मुलाला फोनवर कळवलं होतं की बाबा कशालाच उत्तर देत नाहीत, नुसते भिंतीकडे पाहत राहतात. मेंदूवर परिणाम असू शकतो, नागपूरला हलवावं लागेल. भाच्यानं सगळ्यांना शेवटचं भेटून घ्यायला सांगितलं होतं. मुलगा विमान पाहत होता.

मी गुरुजींकडे पाहिलं. कानात मशीन नव्हतं. सकाळी एक्स-रेला नेताना मीच ते काढलं होतं आणि रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं होतं. परत आल्यावर घालायचं, तर अमेरिकेहून विचारणा आली की संडास झाली का. ते लिहिण्याच्या नादात मशीन राहिलं. चूक माझी होती. मी मशीन त्यांच्या डाव्या कानात बसवलं. उजव्यानं तर त्यांना मशीन लावूनही ऐकू येत नाही. मग धावत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं.

"साहेब, इकडून बोला," मी त्यांना डाव्या बाजूला आणलं.

ते वाकून मोठ्यानं म्हणाले, "बाबा, आता कोणतं साल आहे?"

गुरुजींनी मास्क बाजूला केला. साल सांगितलं, वारही सांगितला. मग म्हणाले, "एवढ्या जोरानं कायले बोलून राहिले? आणि ते समोरचं पाहा. सकाळपासून पाहून राहिलो मी. अनुस्वार चुकीच्या अक्षरावर दिला आहे."

भिंतीवर बोर्ड होता, 'कृपया शातंता राखा'. डॉक्टरांनी तो बहुधा पहिल्यांदाच वाचला असावा. सिस्टर तोंडावर हात ठेवून बाहेर गेली.

नागपूर रद्द झालं. ग्रुपवर मुलानं लिहिलं की देवाची कृपा आणि डॉक्टरांचे प्रयत्न, बाबांची स्मृती परत आली. सतरा हात जोडले गेले. मशीनची गोष्ट मी लिहिली नाही. लिहिली असती तर माझीच चूक तेवढी त्यांच्या लक्षात राहिली असती.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. पलंगाच्या उजवीकडे खुर्ची ओढून तो बराच वेळ वडिलांशी बोलत राहिला आणि गुरुजी मान हलवत राहिले. शेवटी मी म्हटलं, "भाऊ, त्या कानानं त्यांना ऐकू येत नाही." तो उठला, खुर्ची उचलून पलंगाला वळसा घालून दुसरीकडे बसला आणि सगळं पहिल्यापासून सांगू लागला. मी बाहेर जाऊन चहा घेतला. मला रडू आलं, कशाचं ते ठाऊक नाही.

आठव्या दिवशी दवाखान्यातून सुट्टी झाली. घरी आल्यावर गुरुजींनीच मला दोन दिवस मोहाडीला पाठवलं. "लेकीकडे जाऊन झोप काढ," म्हणाले. "हा आहे ना घरी."

परत आले तर मुलगा बॅग भरून दारापुढच्या ओट्यावर बसलेला. डोळे खोल गेले होते.

"बाबा फार बोलतात हो," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं आणि गुरुजींची पेज ठेवायला आत गेले.