एका वाक्याचा सौदा

एका मालिकेच्या लेखकाने मला फसवलं आणि त्याच्या भरवशावर मी माझ्या धाकट्या भावाला फसवलं. हे आधीच सांगते, कारण पुढे मी चिडून लिहीन आणि मग कुणाची चूक किती याची सरमिसळ होईल.

मी दादरला खोटे दागिने विकते. ठुशा, तन्मणी, नथी, पाटल्या. सुरुवात स्टेशनबाहेर प्लॅस्टिक अंथरून कानातल्यांपासून केली. पालिकेची गाडी आली की चारी टोकं धरून पळायचं, आणि पळताना गिऱ्हाईक मागे आलं तर भाव कमी करायचा नाही, हे मी तिथेच शिकले. आज माझा स्वतःचा गाळा आहे. मालिकांना दागिने भाड्याने देते, त्याचं उत्पन्न दुकानापेक्षा बरं आहे. त्या धंद्यात एक खुबी आहे. एखादी ठुशी पात्राच्या गळ्यात एकदा पडली की तो प्रसंग संपेपर्यंत तीच लागते. नाहीतर बाई दारातून आत येते एक दागिना घालून आणि खुर्चीत बसते दुसरा घालून. ते लोक याला कंटिन्यूटी म्हणतात. मी त्याला पकड म्हणते. भाडं वाढवायचं असेल तर मी अशाच वेळी फोन करते.

माझा भाऊ परळच्या एका इस्पितळात एक्स-रे काढतो. चाळिशीला आला आहे. लालबागच्या चाळीत आईबरोबर राहतो. मी नवरा सोडून आले तेव्हा आई दोन वर्षं माझ्याशी बोलली नव्हती, ताट वाढून पाठ फिरवायची. ती दोन वर्षं भावाने रोज बघितली, आणि त्यातून तो जे शिकला ते आजही त्याच्या अंगात आहे.

त्याचा एक मित्र होता. चिंचपोकळीला राहायचा, बँकेत होता. दर रविवारी सकाळी बाजारातून बोंबील घेऊन यायचा आणि मोरीशी बसून स्वतः साफ करायचा. आईला त्याच्याइतके बोंबील कुणी साफ करून दिले नव्हते. ती त्याला भावाच्या आधी वाढायची.

आई रोज बघायची त्या मालिकेतही तसाच एक होता. मोठं कुटुंब, तीन सुना, सासू, आणि एक बिनलग्नाचा धाकटा दीर. या दिराचा एक मित्र दर रविवारी जेवायला यायचा. दोघं गच्चीत उभे राहायचे. एकदा दिराने मित्राच्या खांद्यावरचा दोरा काढून टाकला, तर कॅमेरा त्या दोऱ्यावर किती वेळ! मागे बासरी. दुसऱ्या दिवशी चॅनेलनेच मोबाईलवर तो तुकडा टाकला आणि खाली लिहिलं, मैत्री की आणखी काही? माझ्या दुकानातल्या दोन मुली त्यावरून भांडल्या. एक म्हणाली हो, एक म्हणाली नाही. दोघी रोज बघत राहिल्या. चॅनेलला तेवढंच हवं होतं.

आईला दोघंही आवडायचे. "हेचा लगीन कधी करतले? इतको बरो झील, आणि घरात तसोच बसवन ठेवल्यानी हा." असं ती टीव्हीला बोलायची. त्या दिराला मालिकेत अपघात झाला तेव्हा तिने दोन मंगळवार धरले होते.

एका रविवारी मित्र गेल्यावर मी भावाला गॅलरीत गाठलं. मला आडून बोलता येत नाही.

"तुझं आणि त्याचं काय आहे?"

तो कठड्यावर वाळत टाकलेला टॉवेल सारखा करत राहिला. मग म्हणाला, "त्या मालिकेतल्या दोघांचं जे आहे ते."

"आणि त्यांचं काय आहे?"

"ते अजून सांगितलेलं नाही."

मला हसू आलं आणि त्याच वेळी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मग त्याने सगळं सांगितलं. नऊ वर्षं झाली होती. मित्राला बढती आली होती. घेतली तर विदर्भात बदली, नाकारली तर मुंबईतच राहता येणार होतं. मित्र म्हणाला होता, नाकारतो, मला समारंभ नको, घर नको, फक्त तुझ्या आईने मला एकदा ओळखावं. नऊ वर्षं मी तुमच्याकडे बोंबीलवाला म्हणून येतोय. बँकेला दिवाळीनंतर कळवायचं होतं.

"मग सांग ना आईला. नाहीतर मी सांगते."

"तू नाही." त्याने माझा हात धरून आईची शपथ घातली. "तो सांगेल. तो टीव्हीवरचा. सांगणारच आहेत ते लोक, चिन्हं दिसताहेत. आई त्याचं ऐकेल. त्याला काय म्हणते ते मी बघेन, आणि मग मी बोलेन."

माणूस इतका घाबरू शकतो हे मला माहीत नव्हतं. इस्पितळात दिवसभर लोकांची हाडं बघतो, आणि स्वतःचं बोलणं दुसऱ्या कुणाच्या, तेही खोट्या माणसाच्या, तोंडात ठेवून वाट बघत बसलाय.

पण त्या मालिकेत निम्म्या बायकांच्या गळ्यात माझा माल होता. मी विचार केला, तो माणूस खोटा असला तरी त्याचं तोंड कुणाच्या तरी हातात असणार. मी कपडेपट बघणाऱ्या मुलीकडून लेखकाचा नंबर काढला.

लेखक गिरगावातला निघाला. मला एका हॉटेलात बोलावलं, साबुदाणा वडा मागवला. सभ्य, बारीक चष्म्याचा, मान डोलावून ऐकणारा. मी भावाचं नाव काढलं नाही. म्हटलं, मी प्रेक्षक म्हणून विचारते, त्या दिराचं नक्की काय आहे?

"आम्ही मुद्दामच तसं ठेवलंय, ताई. ज्याला जे बघायचं ते त्याने बघावं."

"माझ्या दुकानात असं चालत नाही. गिऱ्हाइकाने विचारलं की सांगावं लागतं, सोन्याचं की पाणी दिलेलं."

तो हसला. "चॅनेलला दोन्ही गिऱ्हाइकं हवीत."

"आणि तुम्हाला?"

"मला तर लिहायचंय. खरं सांगू? वाक्य लिहूनही ठेवलंय." त्याने मोबाईल पुढे केला. दिवाळीच्या आठवड्यातला प्रसंग होता. दीर आईसमोर बसून म्हणतो, आई, तो माझा मित्र नाही. तो माझं माणूस आहे.

मी ते दोनदा वाचलं. मग सौदा केला. मालिकेत लग्न येणार होतं, ते मला कपडेपटाकडून आधीच कळलं होतं. लग्न म्हणजे महिनाभर दागिन्यांची खिरापत. मी म्हटलं, लग्नाचा सगळा माल माझा, भाडं माफ. नव्या नथी, तन्मणी, बाजूबंद, जे लागेल ते. निर्मात्याला सांगा, लेखकामुळे एवढे पैसे वाचले. तुमचं वजन वाढेल. बदल्यात हे वाक्य चॅनेलकडून सोडवून आणा.

तो बराच वेळ वडा कुस्करत राहिला. म्हणाला, "असं कुणी मागितलं नव्हतं आजवर." चार दिवसांनी त्याचा फोन आला. वाक्य राहिलं. धनत्रयोदशीला दाखवणार.

आयुष्यभर मी समोरच्याला चार प्रश्न विचारल्याशिवाय पिशवी उघडलेली नाही. त्या वेळी एक प्रश्न विचारायचा राहिला. लग्न कुणाचं, हे मी विचारलं नाही. घरात एक कॉलेजातली नणंद होती. मी धरून चालले की तिचंच.

मी भावाला सांगितलं, वाक्यासकट. तो चाळीच्या जिन्यात खाली बसला. "नक्की ना, ताई?" मी म्हटलं, मी बोलणी केली आहेत. माझ्या बोलण्यावर त्याचा लहानपणापासून विश्वास. त्याच्या शाळेची फी मी मुख्याध्यापकांशी घासाघीस करून माफ करून आणली होती.

धनत्रयोदशीला मित्र इस्त्रीचा शर्ट घालून आला. बोंबील नव्हते, पेढे होते. आईने कणकेचे दिवे दारात लावले आणि साडेसातला पाटावर बसली. भाऊ तिच्या शेजारी, मित्र खुर्चीत, मी दाराशी. भावाच्या हातात रिमोट होता आणि त्याने तो दोन्ही हातांनी धरला होता.

प्रसंग आला. दीर आईसमोर बसला. बासरी सुरू झाली. तो म्हणाला, "आई, तो माझा मित्र नाही."

आणि जाहिराती लागल्या.

साबण, मसाला, सिमेंट. भाऊ आईकडे वळला. तोंड उघडलं होतं त्याने, मी बघितलं. त्याच क्षणी तो बोलला असता तर मालिकेची गरजच पडली नसती. "आई," तो म्हणाला.

"गप रे, पुढे काय होता ता बघूया."

जाहिराती संपल्या. दीर आईचे हात हातात घेऊन हसला. "तो माझा होणारा मेव्हणा आहे." पडद्यावरचं दार उघडलं. तिथल्या मित्राच्या मागून त्याची बहीण आत आली, नऊवारी नेसून, लाजत. तिच्या नाकात माझी नथ होती. गळ्यात माझा तन्मणी, जो मी स्वतः रात्र घालवून गुंफला होता.

आईने टाळी वाजवली. "बघलंस? म्हणान येय होतो तो दर आयतवारी! बहिणीसाठी!" आणि इतकी खूष झाली की तशीच खुर्चीतल्या मित्राकडे वळली. "तुका भयण आसा काय रे?"

मित्र म्हणाला, "नाही, मावशी."

"अरेरे. असती तर आमच्या ह्याचा पण जमला असता."

तो हसला. पेढ्यांचा बॉक्स देवापुढे ठेवला, आईच्या पाया पडला, चपला घातल्या. गॅलरीत मला म्हणाला, "ताई, तुम्ही प्रयत्न केलात." भावाला एवढंच म्हणाला, "बढती घेतो." भाऊ दारात उभा राहिला. जिना उतरेपर्यंत मित्र चारदा थांबला असेल, वर बघितलं नाही. भाऊही खाली गेला नाही. मी ढकललं त्याला. त्याने माझा हात बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी मी लेखकाला फोन केला. जे तोंडाला आलं ते बोलले, दुकानातल्या मुलींनी शटर अर्धं ओढून घेतलं. तो शांत. म्हणाला, "अर्धं वाक्य राहिलं ना, ताई. अर्ध्यासाठीसुद्धा मला खूप भांडावं लागलं. पुढचं चॅनेलने बदललं." मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता माझा माल काढून नेते, बघते नवरी काय घालते. टॅक्सी करून सेटवर गेले. तिथे कळलं, माझ्या प्रत्येक दागिन्याची हुबेहूब नक्कल त्यांनी आधीच दुसरीकडून करून घेतली होती, खबरदारी म्हणून. माझा माल त्यांनी प्लॅस्टिकच्या पेटीत नीट भरून हातात दिला. वर चहा विचारला.

मालिकेतलं लग्न झालं. तो दीर आणि त्याचा मेव्हणा अजूनही कधीमधी गच्चीत उभे राहतात, अजूनही बासरी वाजते. दुकानातल्या मुली अजून भांडतात.

मित्र गेला तेव्हा भावाने रजा घेतली नाही. मला वाटलं होतं, रडेल, मला शिव्या देईल. मी त्याला म्हटलंसुद्धा, दे की. तो म्हणाला, "त्यांचं तरी काय चुकलं, ताई? लोकांना जे बघायचं ते त्यांनी दाखवलं." आणि महिन्याभराने आईने मुलीचा फोटो पुढे केला तेव्हा त्याने बघितला न बघितला आणि हो म्हटलं. मी त्याला पुन्हा गॅलरीत गाठलं. म्हटलं, त्या मुलीचं काय? "मी तिला नीट सांभाळेन." मी म्हटलं, मी सांगते सगळ्यांना. त्याने मला शपथेची आठवण करून दिली, आवाज न चढवता.

मुलगी नायगावची, बालवाडीत शिकवते. तिचे वडील बोलणी करायला आले. आमच्याकडून बोलणी करणारी मीच, दुसरं कोण आहे. मानपान, हॉल, जेवणावळ, सगळं रीतीने झालं. उठताना त्यांनी मला बाजूला घेतलं. निवृत्त पोलीस, सरळ माणूस. म्हणाले, "ताई, वय जरा जास्त आहे मुलाचं. इतके दिवस थांबले, काही कारण? मुलीचा बाप आहे, विचारावं लागतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. माझ्याकडे हो होतं आणि नाही होतं. मी म्हटलं, "मुलगा निर्व्यसनी आहे."

ते हात जोडून गेले.

परवा ती मुलगी माझ्या गाळ्यात आली होती. मुहूर्त माघातला आहे. तिने साधी मोत्यांची कुडी निवडली, महाग काही घेतलं नाही, मला अवघड वाटू नये म्हणून. मग काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "ताई, ते फोनवर फारसं बोलत नाहीत. मी त्यांना आवडले नाही का? खरं सांगा, मला राग नाही येणार."

मी म्हटलं, कुडी घालून बघ.

मी शपथेत बांधलेली आहे, आणि ही सबब मला दिवसेंदिवस कमी पडते आहे. माझा हिशेब मी चुकवेन, कसा ते मला अजून कळलेलं नाही. पण मी एकटीने नाही चुकवणार. लेखका, दोऱ्यावर कॅमेरा तू लावलास, बासरी तू वाजवलीस, हो आणि नाही दोन्ही एकाच वेळी विकलंस. चॅनेलने बदललं असेल तर चॅनेलचा जो कुणी माणूस असेल त्यालाही घेऊन ये. माझा गाळा सकाळी अकराला उघडतो आणि ती मुलगी शनिवारी फिरकी बदलायला ठेवलेली कुडी न्यायला येणार आहे. तिच्यासमोर उभे राहा आणि तिने जे विचारलं आहे त्याचं उत्तर द्या. पूर्ण वाक्यात द्या.