जायफळाचे वेढे

सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझा साडेपाच महिन्यांचा मुलगा हाका मारून, तळपाय चोळून, तोंडावर पाणी शिंपडूनही उठला नाही. प्रसूतीच्या रजेनंतर कामावर जाण्याचा तो माझा पहिला दिवस होता. त्या वेळी मी खराडीतल्या ऑफिसात असायला हवं होतं. मी मुंढव्यात, घरी होते.

रजा संपत आली तशी मला एकच धास्ती होती, की मी नसताना तो रडत राहील. त्याला सांभाळायला माझी आई अकोल्याहून आली होती. तिच्यावर विश्वास होता. देवावर होता असं म्हणता येणार नाही. देवघरातली देवी सासरची. तिच्यापुढे रोज दिवा लावायचे तो सवयीने. त्या सकाळी दिवा लावून एवढंच म्हणाले, ‘मी दहा तास नाही. याच्याकडे तू बघ.’ मग साडेसातला सहाणेवर बाळगुटी उगाळली. गुटीत प्रत्येक जिनसाचे वेढे ठरलेले असतात. जायफळ सहाणेवर एकदा गोल फिरवलं की एक वेढा. जायफळाने मूल झोपतं, म्हणून त्याचा एकच. मी चार दिले. तो झोपला म्हणजे मला निघताना त्याचं रडणं ऐकावं लागणार नव्हतं. गुटी दिल्याचं मी आईला सांगितलंच नाही.

पावणेदहाला ऑफिसच्या फाटकावर माझं कार्ड चाललं नाही. बाळंतपणाच्या रजेवर होते म्हणून बंद झालं असेल, असं मी तिथल्या पहारेकऱ्याला सांगितलं. पन्नाशीचे गृहस्थ, वहीतून मान वर न करता म्हणाले, “मग कार्डाचीही रजा चालू असेल.” कार्ड सुरू करणारे साहेब दोनला येणार होते. माझ्या वरिष्ठांचा फोन लागत नव्हता. तासभर मी तिथेच उभी राहिले. दूध दाटून छाती दुखायला लागली होती. शेवटी त्यांनीच विचारलं, “घरी लहान बाळ आहे ना, मॅडम? मग जा की घरी. इथे कोण आपली वाट बघतंय?” ते वाक्य मला लागलं. रिक्षात बसल्यावर मी देवीवरही चिडले. पहिल्याच दिवशी, एवढ्या साध्या कामात, अडथळा.

दार उघडताना आईने तोंडावर बोट ठेवलं. “काहून आली वं परत? हळू बोल. आज त्यानं काहीच तरास देल्ला नाही.” खोलीचे पडदे ओढलेले होते. संध्याकाळी मी येईपर्यंत त्याला झोपूच द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. दूध पाजावं म्हणून मी त्याला उचललं, तर मान मागे गेली. त्याचा हात उचलून सोडला की खाली पडत होता. श्वास चालू होता, पण दोन श्वासांमधलं अंतर मला लांब वाटलं. आईला विचारलं, काय दिलंस? ती म्हणाली, तू निघाल्यावर नऊला किरकिर करत होता म्हणून गुटी दिली. जायफळाचे किती? “पाच वेढे. तुले फोन करा लागू नये म्हणून.” मी म्हणाले, सकाळी मीही दिली होती. त्याला छातीशी धरून मी दाराकडे धावले, मागून आई.

खाली आले तेव्हा मला घेऊन आलेली रिक्षा अजून उभी होती. चालक सोसायटीच्या नळावर बाटली भरत होता. बाळाकडे पाहिलं, बाटली तिथेच ठेवली आणि रिक्षा सुरू केली. वाटेत एकदाच बोलला, “ताई, त्याच्याशी बोलत राहा. गप्प बसू नका.” काय बोलत होते ते आठवत नाही. आई म्हणते, मी त्याला पुन्हा पुन्हा आमचा पत्ता सांगत होते.

रुग्णालयात डॉक्टरांनी तीनच गोष्टी विचारल्या: काय दिलं, किती, किती वाजता. मी सांगितलं. त्यांनी ऑक्सिजन लावला आणि बोटाला यंत्र अडकवलं. मग म्हणाले, “हा तुम्हाला झोपलेलाच वाटला असता. श्वास आणखी मंदावता, तरी घरात कळलं नसतं.” बाहेरच्या बाकावर आई पदराचं टोक दातांत धरून बसली होती. तिच्यावर ओरडावं असं वाटलं नाही. तिच्या पाचांआधी माझे चार होते.

कार्ड बंद असणं आणि बाळाचं वाचणं यांच्यात काही संबंध आहे, हे मला सिद्ध करता येणार नाही. फाटक उघडलं असतं तर मी संध्याकाळी सातला घरी पोचले असते, एवढं मात्र खरं. त्या बाकावर मी हात जोडले. मागायला काही सुचलं नाही. सकाळी देवीला ‘तू बघ’ म्हणाले होते आणि लगेच त्याची झोप माझ्या हाताने मोजून दिली होती. सोपवलं असं मी नुसतं तोंडाने म्हटलं होतं. तरी तिने ते ऐकलं, असं मी मानते. आता करण्यासारखं माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा मी काही न करता बसले.

संध्याकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना त्याने डोळे उघडले. सहा वाजून पाच मिनिटांनी तो अंगावर प्यायला. नर्सने कागदावर वेळ लिहिली.