पावसातलं खत

बाटली माझ्या हातात देण्याआधी मावशी ती उजेडाकडे धरायच्या, एक डोळा मिटून आत बघायच्या आणि विचारायच्या, "साफ तं हाय. मंग तुझे मशिनला काय दिसतं?"

पोशेऱ्याच्या या मावशी दर सोमवारी एसटीने जव्हारला, आमच्या कॉलेजात यायच्या. मी तिथे प्रयोगशाळा सहायक. कधी कुणाला शिकवलं नाही, तरी त्या मला 'मास्तर' म्हणायच्या, आणि त्यांच्याकडे सगळ्यांनाच म्हणतात तसं 'तू' म्हणायच्या.

आमच्या प्राध्यापक बाईंनी डोंगरातल्या पावसाचं पाणी तपासायचं काम घेतलं होतं. मावशींच्या अंगणात नरसाळं लावलेला डबा बसवला होता. त्यात साठलेलं पाणी बाटलीत भरून आणायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांनी एकही सोमवार चुकवला नाही. दरड येऊन एसटी बंद पडली, तेव्हा त्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून आल्या. बाटली पदरात गुंडाळलेली.

हे सगळं कशासाठी, ते मी एकदा त्यांना समजावलं. गाड्यांचा, कारखान्यांचा धूर आणि शेणामुताची, युरियाची वाफ हवेत जाते. पाऊस ते सगळं खाली आणतो. म्हणजे पावसात थोडं खत असतं. ते नदीतून खाडीत जातं. तिथे खत फार झालं की पाण्यात शेवाळ माजतं, पाणी हिरवं होतं. रात्री शेवाळच पाण्यातली हवा संपवतं आणि खाडीचं पाणी भरलेल्या तळ्यांत पाळलेली कोळंबी गुदमरते.

मावशींनी शांतपणे ऐकलं. "पावसात खत हाय, तं आमची नागली पिवळी का पडते?"

"नाचणीला पुरेल तेवढं नसतं, मावशी. थोडंच असतं."

"थोड्यानं नागली वाढत नाय, न् थोड्यानं कोळंबी मरते?"

डोंगरभरचं थोडं थोडं खाली एकत्र होतं, असं मी म्हणालो खरा, पण बोलता बोलता माझं मलाच पटेना. बाईंना विचारायला गेलो. एक शंका घेऊन आत गेलो आणि चार घेऊन बाहेर आलो.

भादव्यातल्या एका बाटलीने आमची झोप उडवली. खताचा आकडा नेहमीच्या कितीतरी पट. बाईंनी मशीन धुऊन पुन्हा तपासलं, तरी तेच. डब्यात पाखरू शिटलं असेल का, म्हणून पुढच्या सोमवारी मी मावशींना विचारलं.

"युरिया टाकला मी," त्या म्हणाल्या. "चिमूटभर."

"का?" मी विचारलं. मग त्यांनी सांगितलं. त्यांची लेक आणि जावई खाडीकाठी एका कोळंबीच्या तळ्यावर राखणीला होते. आदल्या वर्षी तीन दिवस पाऊस लागला, पाणी हिरवं झालं आणि एका पहाटे सगळी कोळंबी वर तरंगली. पाण्यात हवा घालणारा पंखा बंद ठेवून जावई झोपला, असं म्हणून मालकाने दोघांना काढून टाकलं.

"जावई सांगतो, पंखा चालू होता. त्याचा कोण ऐकतो? तू म्हणला, पावसात खत असतं. मंग मी म्हटला, मालकाला दाखवायला पावसाचे नावाचा कागद तरी मिळंल."

मला राग आला, पण कुणाचा ते कळेना. युक्तीला वाट तर मीच दाखवली होती. मावशींच्या सगळ्या बाटल्या हिशेबातून काढाव्या लागल्या. बाई ओरडल्या नाहीत. "त्यांना आता बोलावू नका," एवढंच म्हणाल्या.

बाईंच्या खोलीतून निघताना मी विचारलं, "पण त्या तळ्यात खरंच पावसाने झालं असेल का?"

"असू शकेल. खाद्य जास्त पडलं असेल, खाडीचं पाणीच तसं असेल, पंखाही बंद असेल. आता नाही सांगता येणार."

मी ते जसंच्या तसं बाहेर थांबलेल्या मावशींना सांगितलं. "असू शकेल," त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. "एवढा मालकाला सांगशील?"

रविवारी आम्ही दोघं त्या तळ्यावर गेलो. मालक बांधावर बसून पंख्याचं पातं बसवत होता. पावसामुळे झालं असेल, नसेलही, असं मी अडखळत सांगितलं.

"मग काय तळ्यावर छप्पर घालू?" तो म्हणाला. त्याचंही तळ्यातलं सगळं पीक गेलं होतं.

त्याने आणखी दोन पेच आवळले. मग पात्यावरची नजर न उचलता तो मावशींना म्हणाला, "पंखा चालू होता. मी आलो तेव्हा फिरतच होता. राग कुणावर तरी काढायचा होता."

"हा जावयाला सांग," मावशी म्हणाल्या.

जावई तेव्हा वीटभट्टीवर होता. मालकाने बांधावरूनच फोन लावला आणि दोन वाक्यांत सांगून टाकलं. पलीकडून फक्त "बरं" ऐकू आलं.

मालकाने पुढे दोघांना परत बोलावलं. मावशीही त्यांच्याबरोबर गेल्या. पोशेऱ्याचं घर आता बंद असतं आणि आमचा डबा जामसरला एका गुरुजींच्या अंगणात आहे.

यंदा श्रावणात मावशींचा फोन आला. मागे पावसाचा आवाज होता.

"तीन दिस लागलाय. तिघंही बांधावर बसलोय," त्या म्हणाल्या. "मास्तर, पाणी हिरवा झाला, असा कधी म्हणायचा?"

"तुम्हाला कसं दिसतंय?"

"थांब, उजेडाकडं धरून बघते," त्या म्हणाल्या. फोनमधून पंख्याची पाती पाण्यावर आपटत असल्याचा आवाज येत राहिला.